पिलांच्या पायांखालची गादी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टींत सुधारित जातीच्या कोंबड्या पाळण्याकडे शेतकऱ्यांचें लक्ष वळलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. बेंगळूरच्या कृषि विद्यापीठांत तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज आणि ग्रामप्रिया, हीं नांवें आतां पाड्यापाड्यांवर ठाऊक झालीं आहेत. पशुसंवर्धन खात्याकडून निम्म्या अनुदानावर शंभर एकदिवसीय पिलांचा गट देण्याची योजनाही आमच्या पुष्कळ वाचकांस माहीत आहे. पिलें येणार म्हटलें कीं विचारपूस सुरू होते. जात कोणती बरी, खाद्य कोठून आणावें, लस कोणत्या दिवशीं द्यावी, नर केवढ्यास जाईल. हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. परंतु पिलें कशावर ठेवावीं, हा प्रश्न आम्हांस क्वचितच कोणी विचारला असेल. आणि आमचा अनुभव असा कीं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जीं पिलें दगावतात, त्यांतील पुष्कळ या न विचारलेल्या प्रश्नापायींच जातात.

ही बाब क्षुल्लक नव्हे. ज्या मुलखांत १९९२-९३ सालीं वावर-वांगणीस कुपोषणानें कोंवळीं बालकें गेलीं, त्या मुलखांत परसांतल्या कोंबडीचें अंडें हा नुसता चार पैशांचा व्यवहार नसून पोरांच्या ताटांतला घांस आहे. असें असतां, पिलें वांटल्याची नोंद कागदावर शंभरांची व्हावी आणि महिन्याभरानें घरांत निम्मींही उरूं नयेत, असे प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, एकदां हात पोळलेला शेतकरी दोष देतो तो जातीला. “सुधारित कोंबडी आपल्या डोंगरांत टिकत नाहीं,” असें म्हणून तो पुन्हां त्या वाटेस जात नाहीं. जातीचा दोष कांहीं वेळां असेलही. पण ओल्या, कुजक्या आंथरुणावर कोणती जात टिकेल, हें आम्हांस कोणी सांगावें.

येथें जुनीं माणसें एक आक्षेप घेतात, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. खुडूक कोंबडी डालग्यांत मूठभर पेंढ्यावर दहा-बारा अंडीं घेऊन बसते, पिलें निघालीं कीं सारवलेल्या अंगणांत फिरवते. तिला कोणीं कधीं गादी घातली होती? खरी गोष्ट आहे. परंतु कोंबडी पिलांस ऊब वरून देते. तिच्या अंगाची उष्णता सुमारे १०६ अंश फॅरनहाइट असते आणि थंडी लागली कीं पिलें तिच्या पंखांखालीं शिरतात. जमीन कशी आहे याचा विचार तीच करते, ओल दिसली कीं पिलें घेऊन कोरड्या जागीं जाते. दहा पिलांची घाण सबंध अंगणांत पसरते. आपण शंभर पिलें पन्नास चौरस फुटांत कोंडतो, तीं स्वतः कोठेंही जाऊं शकत नाहींत, आणि दोन-तीन आठवडे त्यांस स्वतःची ऊब नीट राखतां येत नाहीं. आई काढून घेतली तर आईचें काम आपणांस करावें लागतें. त्यांतलें दिव्याचें काम सर्वांस दिसतें. गादीचें दिसत नाहीं.

सर्वांत अधिक आढळणारी चूक वर्तमानपत्राची. पिलांचें खोकें घरीं आलें कीं जमिनीवर जुनीं वर्तमानपत्रें पसरावयाचीं आणि वर दिवा टांगावयाचा, एवढ्यावर काम भागलें असें समजतात. कागद गुळगुळीत असतो. ओला झाला कीं अधिकच निसरडा होतो. एक दिवसाच्या पिलाचे सांधे फार कोंवळे असतात. कागदावर पाय घसरूं लागले कीं ते दोहों बाजूंस फाकतात आणि दोन-तीन दिवसांत तसेच राहून जातात. असें पिलूं उभें राहूं शकत नाहीं, पाण्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि इतर पिलें त्यास तुडवितात. (पहिल्या एक-दोन दिवसांतच लक्षांत आलें तर दोन्ही पायांस मऊ चिंधीची सैल जोडणी करून, पाय अंगाखालीं राहतील इतकें अंतर ठेवून, खरबरीत जागीं ठेवावें, पुष्कळ पिलें तीन-चार दिवसांत सुधारतात. उशीर झाला तर उपाय नाहीं.) शिवाय कागद ओल शोषून धरतो, ती वाळूं देत नाहीं. कागदाचा उपयोग आहे, पण तो गादीच्या वर आणि फक्त पहिले दोन दिवस. तो कसा, तें पुढें सांगूं.

दुसरी चूक करवतीच्या भुशाची. वखारीवर तो फुकट मिळतो म्हणून आणतात. नवें पिलूं जें चोंचींत येईल तें अन्नच समजतें. दाण्याएवढा बारीक भुसा तें खाद्याबरोबर गिळतें, गळ्याखालची खाद्याची पिशवी त्यानें भरून जाते, आणि पोट भरल्यासारखें दिसून पिलूं उपाशी मरतें. धूळ फुप्फुसांत जाते ती निराळीच. सागाच्या भुशानें तर सुतारांपैकीं कित्येकांच्या कातडीसही खाज सुटते. पिलाच्या डोळ्यांस आणि श्वासास तो मानवेल अशी आशा कशास करावी? सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या पातळ ढलप्या मात्र चांगल्या. त्या तुसापेक्षां ओलही अधिक शोषतात. पण त्या कोणत्या लांकडाच्या, हें पाहिल्यावांचून घेऊं नयेत. वाळवी लागूं नये म्हणून औषध लाविलेलें लांकूड, रंगविलेल्या जुन्या चौकटी, प्लायवुडचा चुरा, यांतील विष दिव्याच्या उबेनें बंद जागेंत हवेंत उतरतें. परदेशांत सुगंधी सीडर लांकडाच्या ढलप्याही पिलांखालीं घालूं नयेत, असें सांगतात, तें याच कारणास्तव.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यांत. भाताचा पेंढा लांब असतो, पिलांच्या पायांत अडकतो. दोन इंचांचे तुकडे करून घातला तरी आपल्या हवेंत त्यास बुरशी फार लवकर चढते. सागाचा-ऐनाचा वाळला पाला तोच मार्ग धरतो. चुलींतील राख मोठ्या कोंबड्यांस धूळस्नान करावयास ठीक आहे, पिलांच्या डोळ्यांस नव्हे. नदीची वाळू स्वच्छ असली तरी थंड असते, आणि पावसाळ्यांत ती कोरडी कोठून आणावी? वरईचें तूस फारच बारीक आणि गुळगुळीत. तें दाबून बसतें, पायास धर देत नाहीं. भुईमुगाचीं टरफलें कोणी सुचविलीं तर घेऊं नका. भुईमुगावर वाढणाऱ्या बुरशीच्या विषानें १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखावर टर्की पक्षी मेले. तेथें विष खाद्याच्या पेंडींतून गेलें होतें हें खरें, पण पिलूं आंथरूणही खातें, हें आम्ही वर सांगितलेंच आहे.

राहिलें भाताचें तूस, आणि आमचें मत त्याच्याच बाजूचें आहे. तूस हलकें, चंचल, आंतून पोकळ असतें; त्यांत हवा खेळते. त्याची राख केली तर ती वजनाच्या सुमारे पांचव्या हिश्शाइतकी भरते आणि तींत बहुतेक वाळूच्या जातीचेंच द्रव्य निघतें. म्हणून तें लवकर कुजत नाहीं. पिलाच्या पायांस धर देतें. त्याची पाणी शोषण्याची शक्ति मध्यमच, पण हलविलें कीं तें लवकर सुकतें. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तें आपल्याच खळ्यावरचें आहे.

पण तूस म्हणजे कोणतें तूस, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. आमची सर्वांत मोठी ठेंच याच ठिकाणीं लागली. पूर्वीं घरोघर घिरटावर भात भरडीत, तेव्हां तूस सबंध निघे आणि कोंडा मागाहून मुसळाखालीं निराळा होई. आतां खेड्यांतील लहान गिरणींत बहुधा एकच हलर असतो. त्यांत भात एकाच वेळीं सोललें जातें आणि सडलें जातें. त्यामुळें बाहेर पडतो तो चुरडलेलें तूस आणि कोंडा यांचा मिश्र भुगा. दिसावयास मऊ आणि सोनेरी. गुरांस उत्तम. पिलांखालीं घालण्यास मात्र याहून फसवी वस्तु नाहीं. कोंड्यांत तेल असतें. तें दमट हवेंत थोड्या दिवसांत खवट होतें, त्यास गोळे येतात, बुरशी येते, किडे लागतात, आणि पिलें तो खाद्य म्हणूनच खातात.

आम्हीं पहिल्या खेपेस पिलें आणलीं तीं आषाढांत. गिरणींतून दोन पोतीं असा भुगा आणून पसरला. हाताला कोरडा लागला, म्हणून समाधान मानलें. आठव्या दिवशीं कांहीं पिलें मान वर करून, चोंच उघडून श्वास घेऊं लागलीं. घशांत घुरघुर नाहीं, नाकांतून पाणी नाहीं, नुसती धाप. आम्हीं त्यांस सर्दी समजून दिवा खालीं आणला, गोणपाटें लावून वारा बंद केला, म्हणजे जें करूं नये तेंच केलें. ऊब आणि कोंदट हवा मिळतांच बुरशी अधिक फोंफावली. चार दिवसांत पिलांचा चौथा हिस्सा गेला. मेलेलें एक पिलूं उघडून पाहिल्यावर फुप्फुसांत बाजरीएवढे पिवळट कण दिसले, तेव्हां पशुवैद्यानें सांगितलें कीं हा बुरशीचा रोग, यावर देण्यासारखें औषध नाहीं, गादी काढा. पोत्यांत हात खोल घातला तेव्हां आंतला भुगा कोमट लागला आणि त्यास जुन्या मातीच्या घरासारखा वास येत होता. तो वास पहिल्या दिवशीं घेतला असता तर! तेव्हांपासून आमचा नियम असा: पोतें उघडून कोंपरापर्यंत हात आंत घालावा, मूठभर तूस बाहेर काढून नाकाशीं धरावें, आणि किंचितही कुबट वास आला तर तें पोतें खतखड्यांत जावें. उन्हांत वाळवून तें पुन्हां वापरण्याचा मोह धरूं नये. वाळल्यानें ओल जाते, बुरशीचें बीज जात नाहीं, उलट तें धुळीबरोबर अधिकच उडतें.

म्हणून तूस घ्यावें तें भात सोलण्याचें यंत्र निराळें असलेल्या गिरणींतलें, सबंध होडीसारखें. अथवा घरीं घिरट असेल तर घरचें. हलरचेंच घ्यावें लागलें तर सुपानें वाऱ्यावर पाखडून भुकटी आणि कोंडा काढून टाकावा, आणि जें जाड उरेल तेंच वापरावें. घरांतील बायकांस हें काम आम्हांहून चांगलें येतें. त्यांच्याच हातीं द्यावें.

तूस किती लागेल, याचा हिशेब अनेकांस भीतिदायक वाटतो. तो तसा नाहीं. शंभर पिलांस आरंभीं दर पिलास अर्धा चौरस फूट धरला तर जागा पन्नास चौरस फूट. त्यावर अडीच इंच थर द्यावयाचा म्हणजे सुमारे साडेदहा घनफूट तूस. सैल तुसाचें वजन पाहतां हें साधारण तीस किलो होतें. मोठ्या गोणपाटाचीं अडीच पोतीं. भाताच्या वजनाचा सुमारे पांचवा हिस्सा तूस निघतें; तेव्हां दीड क्विंटल भात भरडला कीं शंभर पिलांची गादी हातीं येते. बदलासाठीं आणखी पोतेंभर धरा. आमच्या वाचकांत असा कोण आहे कीं ज्याच्या घरीं वर्षाकांठीं दोन क्विंटल भात भरडलें जात नाहीं?

मग अडतें कोठें? अडतें तें काळाच्या मेळांत. भात झोडून होतें मार्गशीर्षांत, भरडलें जातें पुढें होळीपर्यंत, आणि तेव्हांच तूस कोरडें, ताजें, मुबलक असतें. त्याच दिवसांत आपल्या भागांतील पुष्कळ कुटुंबें वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. गिरणीवाल्यांचें तूसही पुष्कळदां त्याच भट्ट्यांत जळावयास जातें. माणसें परत येतात पावसाच्या तोंडाशीं. मग पिलें घेण्याचा विचार सुरू होतो, आणि तेव्हां गिरणीच्या कोपऱ्यांत जें उरलेलें असतें तें ओलें, उंदरांनीं घोळलेलें. चार-चार दिवस ऊन न पडणाऱ्या जव्हारच्या पावसांत तें वाळवावें कोठें?

कोणी म्हणेल, पिलें माघ-फाल्गुनांतच घ्यावीं; म्हणजे गादीही कोरडी, आणि आषाढाच्या अवसेपर्यंत, गटारीच्या बाजारास, नर तयार. ज्यांच्या विहिरीस वैशाखापर्यंत पाणी असतें त्यांस आमचीही हीच शिफारस आहे. पण मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर चैत्रापासून हंडाभर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते. पक्षी जितकें खातो त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो. तेथें शंभर पक्ष्यांचें पाणी कोणाच्या डोक्यावरून आणावयाचें, हें सल्ला देणारानें सांगितलें पाहिजे. अशा गांवांस पावसाळ्यांतच पिलें घेणें भाग आहे. म्हणून पिलांचा महिना बदला, असा हट्ट आम्ही धरीत नाहीं. तुसाचा महिना मात्र बदलूं नये. तूस पौष-माघांत धरून ठेवावें. पाखडून, एक दिवस कडक उन्हांत पसरून, पूर्ण थंड झाल्यावर पोत्यांत भरावें. ऊन ऊन भरलें तर आंत घाम सुटतो. पोतीं जमिनीवर न ठेवतां माळ्यावर, चुलीच्या धुराची ऊब पोंचेल पण ठिणगी पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवावीं. घर बंद करून जाणारांनीं तीं शेजारच्या आप्ताकडे ठेवावीं. तीन पोत्यांस कोणी नाहीं म्हणत नाहीं.

आतां गादी घालण्याविषयीं. सारवलेली जमीन पावसाळ्यांत खालून ओल ओढते. तुसाचा थर वरून कितीही कोरडा दिसला तरी तळ भिजलेला असतो. म्हणून जागा जोत्यावर, पश्चिमेच्या झडीपासून आंत निवडावी, खालीं मुरूम ठोकावा आणि त्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून मग अडीच-तीन इंच तूस घालावें. याहून पातळ थर म्हणजे नुसता देखावा. पिलें येण्यापूर्वीं एक दिवस दिवा लावून गादी तापवावी. थंड तूस पायांवाटे ऊब ओढून घेतें, आणि वर पाठीशीं ९५ अंश असूनही पिलें गारठतात. खात्री करावयाची असेल तर एक पिलूं उचलून त्याचे पाय आपल्या गालास लावावे. पाय गार लागले तर थर्मामीटर कांहींही सांगो, गादी थंड आहे. पुढें दर आठवड्यास ऊब पांच अंशांनीं कमी करीत जावी, हें बहुतेकांस ठाऊक आहेच.

पहिले दोन दिवस तुसावर खरबरीत कागद, अथवा नालीदार पुठ्ठा त्याची नाली वर करून पसरावा आणि त्यावर मक्याचा भरडा शिंपडावा. पिलांस दाणा आणि तूस यांतील भेद कळावयास तेवढा वेळ लागतो. कागद रोज बदलावा, आणि तिसऱ्या दिवशीं काढून टाकावा. पाण्याचें भांडें तुसावर टेंकूं नये. विटेवर ठेवावें, आणि पिलें वाढतील तसतशी दुसरी वीट घालून त्यांच्या पाठीच्या उंचीस आणावें. सांडलेल्या पाण्याची जी एक कड असते, तेथूनच सगळी गादी बिघडते. ती ओली कड रोज सकाळीं सुपानें उचलून बाहेर टाकावी आणि तेथें कोरडें तूस घालावें. बाकीचें तूस दिवसांतून एकदां हातानें वरखालीं करावें. या कामास दहा मिनिटें लागतात, आणि रोज करावयाचें काम असल्यामुळें तेंच आपण टाळतों.

गादीची परीक्षा मुठीनें करावी. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडावा. उघडतांच सैल होऊन विखुरलें तर ठीक. गोळा होऊन राहिला तर पाणी अधिक झालें. आणि बोटांतून धूळ होऊन उडूं लागलें तर फार कोरडें. त्यानें पिलें शिंकूं लागतात. दुसरी परीक्षा नाकाची, पण ती उभ्यानें होत नाहीं. सकाळीं पडदे उघडण्यापूर्वीं गुडघे टेंकून नाक पिलांच्या डोक्याच्या उंचीस न्यावें आणि क्षणभर थांबावें. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया वायु होय. आपण क्षणभर श्वास घेतला, पिलें रात्रभर घेत होतीं.

ओल्या गादीचा तिसरा शत्रु रक्ती हगवण. हिचे सूक्ष्म जंतु विष्ठेंतून बाहेर पडतात तेव्हां ते निरुपद्रवी असतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली कीं एक-दोन दिवसांत ते पक्व होतात, आणि पिलांनीं टोंचून पोटांत घेतले कीं आंतड्यास धरतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत रक्त पडूं लागतें. औषध आहे, तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. पण ओल्या गादीवर औषध देणें म्हणजे फुटक्या मडक्यांत पाणी भरणें. उलट, गादी उत्तम ठेवली म्हणजे लस नको, असाही समज कोणी करून घेऊं नये. राणीखेत रोग कोरड्या गादीवरही येतो.

चुन्याविषयीं मतभेद आहे. अमेरिकेंत ओहायो संस्थानाच्या कृषि प्रयोगकेंद्रांत केनर्ड आणि चेंबरलेन यांनीं १९४० च्या दशकांत, जुनी गादी न काढतां तीवर थर चढवीत जाण्याचे प्रयोग केले, आणि तेव्हांपासून गादींत चुना मिसळण्याची शिफारस पुष्कळ पुस्तकांत आढळते. चुन्यानें ओल थोडी ओढली जाते हें खरें. पण विष्ठेंतील अमोनिया चुन्यानें अधिक मोकळा होतो, आणि कोंवळ्या पायांस चुना झोंबतो. लहान पिलांखालीं आम्ही तो घालीत नाहीं. जुन्या गादीवर नवीं पिलें सोडण्याचा प्रयोगही कोरड्या हवेंत, निरोगी कळपामागून, जाणत्या माणसानें करावा; आपल्या पावसाळ्यांत दर खेपेस ताजें तूस हेंच बरें. त्याची किंमत ती काय!

एक सूचना अग्नीची. कोरडें तूस पेटतें तें धुमसत, ज्वाला न दाखवितां. दिवा नुसत्या वायरीवर न टांगतां दुसऱ्या दोरीनें वाशास बांधावा. वीज गेली म्हणून निखाऱ्याचें मडकें ठेवावयाचें असेल तर त्याखालीं फरशी आणि भोंवतीं हातभर जागा तुसावांचून मोकळी ठेवावी, आणि वरची फट धुरासाठीं उघडी असावी.

आमची मागणी दोन ठिकाणीं आहे. पिलें वांटणारांनीं लाभार्थ्यांची यादी, फोटो आणि सही घेतां तशी एक गोष्ट अधिक पाहावी: ज्या घरीं कोरड्या तुसाचीं तीन पोतीं आणि घातलेली गादी दिसत नाहीं, तेथें त्या दिवशीं खोकें उतरवूं नये. यांत कोणावर अन्याय नाहीं. ज्याची तयारी नाहीं त्यास पंधरा दिवसांनीं पिलें मिळतील, आणि तीं जगतील. आज उलट होतें. पिलें अमुक तारखेच्या आंत वांटून झालींच पाहिजेत म्हणून तीं भर पावसांत टेम्पोंतून उतरतात, आणि घरधनी कागद शोधावयास धांवतो. दुसरी मागणी आपल्याच संघाकडे. मार्गशीर्षांतील सभेंत प्रत्येक गांवानें आपल्या जवळच्या गिरणीशीं तुसाचें बोलणें करावें, आणि ज्यांस ठेवावयास जागा नाहीं त्यांचीं पोतीं संघाच्या गुदामांत लांकडी फळ्यांवर राहावींत. कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणीं शिकून आलेले आपले तरुण आहेत. त्यांनीं पोतीं तपासून घेण्याचें काम पत्करावें.

पिलें महिना-दीड महिन्यांचीं होऊन बाहेर पडलीं कीं गादीचें काम संपत नाहीं. तीस किलो तूस विष्ठेसह बरेंच जड होऊन परत मिळतें. तें ताजें रोपांस घालूं नये, मुळें जळतात. सावलींत ढीग करून, मधून मधून पाणी शिंपडून, दोन-तीन महिने राहूं द्यावें. आंतली ऊब निवून वास मातीसारखा झाला कीं तें तयार समजावें. आपण भाताच्या रोपासाठीं राब भाजतों, त्यासाठीं ऐनाच्या फांद्या तोडतों, शेण जाळतों. यंदा चार हातांचा एक वाफा न भाजतां त्यांत हें खत घालून पाहावें, शेजारीं नेहमींचा राब ठेवावा, आणि आवणीच्या वेळीं दोहोंतील रोपांची उंची मोजून आम्हांस कळवावी.